पहिल्याच दिवशीचं शवासन

मास्तर, तुम्हाला मी आठवायचं काही कारण नाही. तुमच्या आसनांच्या वर्गाला मी एकच दिवस आलो आणि त्याच दिवशी तुम्हाला धरून नेलं. पुणतांब्याच्या स्टेशनात मालाच्या पावत्या फाडणारा, रात्रपाळ्यांनी झोप उडालेला, पोटात सारखा गोळा उठणारा एक नवा कारकून, तो मी. कंपाउंडर म्हणाला होता, औषधं पुरे झाली, आता घाटावरच्या मास्तरांकडे जा.

चले जावचं वर्ष होतं ते. आमच्या लाइनीवर कुणीतरी तारा तोडल्या होत्या. रोज कुणी ना कुणी साहेब येऊन आम्हाला ओळीत उभं करायचा. एक जखमी फरारी नदीकाठानं लपतछपत फिरतोय आणि गावातलंच कुणीतरी त्याला भाकरी घालतंय, अशी कुजबुज होती. तुमचं नाव कुणी घेत नसे, नुसतं घाटाकडे बघत. आईला असलं काही जमायचं नाही. ती सरळ म्हणाली, "त्या मास्तराकडं जाऊ नगंस. नोकरी गेली तर ह्या दोन पोरींची लग्नं कशी करायची आमी?" पण दुखण्याचा मला इतका वैताग आला होता की मी तिचं ऐकलं नाही.

तुमचा वर्ग भरायचा त्या घाटावरच्या धर्मशाळेच्या पायऱ्या चढतोय ते अजून डोळ्यांसमोर आहे. गोदावरी मातकट, पाणी खालच्या पायऱ्यांना लागलेलं. आत सतरंजीवर तुमची जुनी मंडळी बसलेली. मी दारात पोचलो तोच नावाडी धापा टाकत आला, तुमच्या कानाशी लागला आणि निघून गेला. तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तुम्ही माझ्याकडे वळलात. कुठं नोकरीला, विचारलंत. स्टेशनात, मी म्हणालो. घरी कोण कोण? आई आणि दोन बहिणी. बोलताना मी सारखा दाराकडे बघत होतो ते तुम्ही बघितलंत, उगाच का खोटं बोलू. मग मला मधोमध जागा दिलीत आणि सगळ्यांना उताणं झोपायला सांगितलंत.

"डोळे मिटा," तुम्ही म्हणालात. "मी सांगेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. काहीही ऐकू आलं तरी."

मला वाटलं, योगाची हीच रीत असणार. पडून राहिलो. तुम्ही एकेक अवयव सैल सोडायला सांगत होता. पायाची बोटं. घोटे. आतल्या खोलीचं दार करकरलं. पोटऱ्या. माझ्या उशाशी अनवाणी पावलं, एक पाय ओढत चाललेली. आयोडिनचा वास आला आणि गेला. गुडघे. घाटाकडे पाण्यात काहीतरी डुचमळलं. मग बराच वेळ नुसता तुमचा आवाज, संथ, जसं काही आपल्याला दिवसभर दुसरं काम नाही. कंबर, पोट, छाती. पायऱ्यांवर बूट वाजले तेव्हा तुम्ही खांद्यांपर्यंत आला होतात. बूट आत आले, आमच्यामधून फिरले, एक माझ्या बोटांवर पडला. मी भीतीनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. तुमचा आवाज कपाळापर्यंत आला आणि तिथं थांबला. नंतर ओढाओढ झाली. तरी आम्ही तसेच पडलेलो. उघडा म्हणून तुम्ही सांगितलंच नव्हतं ना! शेवटी एका शिपायानं बुटाच्या टोकानं ढोसून उठवलं, तेव्हा तुमची जागा रिकामी होती.

चौकीत सगळ्यांना वेगवेगळं घेतलं. तुमची जुनी मंडळी मार खाऊन गप्प राहिली. मी? पहिल्याच थपडेला जेवढं होतं तेवढं सगळं सांगून टाकलं. एक पाय ओढणारा माणूस, आयोडिन, डुचमळलेलं पाणी. "त्यो जखमी हाय ते आमाला ठाव हाय," फौजदार म्हणाला. "तोंड कसं हुतं ते सांग. कुणाच्या घरचा? संगं कोण हुतं?" मी रडत रडत एकच सांगत राहिलो, डोळे मिटले होते साहेब. ते खरंच होतं, म्हणून तर त्यांनी मला सोडलं. नोकरी राहिली, बहिणींची लग्नं झाली. तो माणूस सापडला नाही. तुम्ही मात्र त्याच हिवाळ्यात तुरुंगात तापानं गेलात.

आता मी सावेडीला मुलाकडे असतो. सुनेनं मागं लागून सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गात घातलं. गेल्या गेल्या मी आपला उताणा झोपलो. शिकवणारी मुलगी हसायला लागली. "आजोबा, शवासन सगळ्यात शेवटी असतं. आधी कुणी करत नाही." सगळा हॉल हसला. मीही हसलो आणि उठून बसलो. इतकी वर्षं माझी समजूत, की ती रीतच आहे.

त्या माणसाबरोबर तुम्हालाही नावेतून जाता आलं असतं, मास्तर. तुम्ही कपाळापर्यंत सांगत बसलात. आणि कुणासाठी? बाकीच्यांचे डोळे सताड उघडे असते तरी ते बोलले नसते. पत्र तुमच्या नावानं लिहितोय, पण पाठवायचं कुठं? घरात सगळे मानतात की मी पोलिसांपुढं तोंड उघडलं नाही, आणि मीही त्यांना तसं मानू देतो. तुम्ही तेवढे फसला नाहीत. त्या सकाळी मला दिसलं असतं ना, तर मी त्याचा चेहराही सांगितला असता.