सी म्हणजे काय

सर, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली, तरी आज मला तुमचा लई राग आला. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. मोटारसायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा येतात, त्यांना वजन टांगून लांबी मोजायची आणि आलेख काढायचा, हे माझं काम. देवगाव रंगारीची एक मुलगी पंधरा दिवसांपासून माझ्या हाताखाली शिकते. तिनं आज पाच किलोचा बिंदू मांडला, दहाचा मांडला, आणि पट्टी ठेवून रेषा काढली ती थेट शून्यातून. बिंदू एकीकडं, रेषा भलतीकडं. मी चार माणसांसमोर तिचा कागद फाडला. म्हटलं, "वाय बरोबर एमएक्स अधिक सी, शाळेत शिकली नाहीस का?" ती म्हणाली, "पाठ आहे मॅडम. पण सी म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलंच नाय."

आणि मला पिशोरची आपली शाळा आठवली. नववीचा वर्ग, फळ्यापुढं मी. मीही रेषा शून्यातूनच काढते. तुम्ही ती डस्टरनं पुसता आणि म्हणता, "सी किधर गया? खा गई क्या?" वर्ग हसतो. तुम्ही मला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं करता. तोवर गणिताच्या तासाला माझा हात सगळ्यांआधी वर जायचा. नंतर कधी गेला नाही. डिप्लोमाला गणित असतं या धास्तीनं मी अर्जच भरला नाही, आयटीआय केलं, आणि सी म्हणजे काय ते चोविसाव्या वर्षी कामावर कळलं.

ती मुलगी पाणी प्यायला गेली आणि डोळे पुसून आली. मी तिच्यापुढं नुसती स्प्रिंग ठेवली. "वजन काढलं की ही गायब होती का?" "नाय." "मग मोज." ऐंशी मिलिमीटर भरली. "ही तिची स्वतःची लांबी, हाच सी. रेषा इथनं निघती. पुढं दर किलोला जेवढी वाढती, तो चढ." तिनं नव्या कागदावर पाचचा आणि दहाचा बिंदू पुन्हा मांडला, ऐंशीला टिंब दिलं, किलोमागं दोन मिलिमीटर धरत वर गेली, आणि रेषा दोन्ही बिंदूंतून गेली. दोन मिनिटं लागली, सर. तुमच्यापाशी अख्खा तास होता. मी तिची माफी मागितली नाही. शिफ्टच्या बसमध्ये बसून तेही तुमच्याच माथी मारलं.

पण हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. मला व्हरांड्यात उभं केलंत त्याच आठवड्यातल्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आला होतात, हातात आलेखवही घेऊन. आईला म्हणालात, "बच्ची को बुलाव. परवा मी जरा जास्तच बोललो, तिला नीट समजावून सांगतो." मी आतून आईला खूण केली. आई म्हणाली, मामाकडं गेली. तुम्ही चहा घेतलात, बराच वेळ बसलात आणि गेलात. मी दाराआडच होते, सर. माझी चप्पल उंबऱ्यापाशीच होती. तुम्हाला ती दिसली असणार.