अक्कासाठी व्हॅक्यूम: पिशवीचा की बिनपिशवीचा

अड्यार, चेन्नई
गुरुवार सकाळ, वाणी कामाला यायच्या आत

तीर्थरूप तुळजाअक्कास,

मधुसूदनाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली उभ्यानेच करतो, पण तू तो आठही अंगांचा धरून घे.) तुझा दमा कसा आहे? पंप वेळेवर ओढतेस, की संपेल म्हणून जपून ठेवतेस? बार्शीत एव्हाना चांगली थंडी पडली असेल. इथे ती फक्त पेपरात पडते. माझी तब्येत ठीक आहे. मंदारने कारखान्याजवळच खोली घेतली आहे, तो रविवारी जेवायला येतो आणि जेवून झोपतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तुझ्या कुकरची शिट्टी होते. पत्र मात्र तू दोनदा वाचतेस, हे मला ठाऊक आहे.

मुद्दा तुझ्या येण्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी तू राहायला आलीस, चौथ्या दिवशी तुला धाप लागली आणि सहाव्या दिवशी तू परतीची गाडी पकडलीस. जाताना म्हणालीस की बार्शीची धूळ ओळखीची आहे, मद्रासची परकी (तू अजून मद्रासच म्हणतेस, ते मला फार आवडतं), आणि ती घरातून हलल्याशिवाय मी पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. मी ते मनावर घेतलं. त्यातच शेजारची जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली आहे, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. वाणी तुला आठवतच असेल. चौदा वर्षं आपल्याकडे कामाला आहे, माझ्या अर्चनाच्या शेवटच्या आजारपणात तिनेच सगळं पाहिलं. ती कोपरान् कोपरा झाडते, पण केरसुणीने (इकडे तुडप्पम म्हणतात) बारीक धूळ नुसती उठते आणि वाणीची पाठ फिरली की जागेवर येऊन बसते. तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा असं मी ठरवलं, आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

अक्का, या वस्तूत दोन पंथ आहेत. एकाच्या पोटात पिशवी असते. धूळ तिच्यात जाते, पिशवी भरली की पिशवीसकट फेकायची आणि नवी घालायची. दुसऱ्यात पिशवीच नसते, पारदर्शक डबा असतो, तो रिकामा करून पुन्हा लावायचा. दुकानदाराला विचारलं तर जे दुकानात शिल्लक असेल ते चांगलं. इंटरनेटवर विचारलं तर दोन्ही पंथांचे लोक एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचलेले. मी इथल्या आवडी गावच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली आहेत, चाचणीशिवाय मी साधा नटबोल्टही पास केला नाही. म्हणून दोन्ही यंत्रं आधी उसनी आणून वापरून पाहायची असं ठरवलं.

पहिलं बिनपिशवीचं. ते मंदारचा मित्र अद्वय याने आठवड्यासाठी दिलं. काय सुरेख यंत्र म्हणून सांगू. धूळ डब्यात गरगर फिरताना डोळ्यांना दिसते. अर्चनाच्या कपाटाखालून तर एवढी निघाली की मी डबा खिडकीत धरून उजेडात पाहिला आणि मंदारला फोटो पाठवला. (त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. हल्लीची मुलं वडिलांशी अंगठ्यानेच बोलतात.) भरलेला डबा रिकामा करायला मी गॅलरीत गेलो. संध्याकाळी इथे समुद्रावरून वारं सुटतं, हे मला तीस वर्षं माहीत आहे, पण डबा उलटा करताना आठवलं नाही. अर्धी धूळ माझ्या तोंडावर आली. उरलेली अर्धी खालच्या मजल्यावर विजयकुमाररावांच्या गॅलरीत उतरली. तिथे त्यांच्या पत्नीने वर्षभराचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांचे इकडचे भाऊबंद, वाळत घातले होते. शिवाय यंत्राची गाळणी धुवावी लागते, आणि ती इथल्या दमट हवेत तीन दिवस वाळत नाही. मी दुसऱ्याच दिवशी ओलीच बसवली, तर घरभर भिजलेल्या गोणपाटाचा वास सुटला.

विजयकुमाररावांबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. ते तंजावरचे मराठी, त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आले. त्यांचं मराठी इतकं जुनं आणि तमिळ चालीचं आहे की ते रागावले तरी मला कुणी पोथी वाचतंय असं वाटतं आणि मी हात जोडून ऐकतो. वडामांवरून ते रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जिना चढून आले आणि आपल्या घरातला पिशवीवाला क्लीनर माझ्यापुढे ठेवला, वर कपडा झाकून, रुखवत ठेवावं तसा. वर्षभराचे वडाम ज्याने नासवले त्यालाच आपलं यंत्र आणून देणारा माणूस, अक्का, मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझं पाप ऐक. चार दिवसांत पिशवी भरली. ती फेकायची असते हे मला कळत होतं. पण दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या घरातला मी. चांगली मजबूत, नवी दिसणारी पिशवी फेकायला हात धजेना. मी नाकाला ओला रुमाल बांधला, पिशवीची खालची कड कात्रीने उघडली, धूळ वर्तमानपत्रावर ओतली, पिशवी झटकली आणि कड दुमडून स्टेपलरने सात टाचण्या मारल्या. तपासणी खात्यातल्या माणसाने मारलेल्या टाचण्या, एका रेषेत. त्याच दुपारी विजयकुमारराव यंत्र कसं चाललंय ते पाहायला पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडची लुंगी, नेसून आले. मी त्यांच्या हातात कॉफी दिली आणि बटण दाबलं. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला टाचण्यांनी राम म्हटला आणि यंत्राच्या पाठीमागून सगळी धूळ एकदम बाहेर आली. मी बटण शोधत होतो, सापडत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा ते होते तिथेच बसलेले होते, करड्या वेष्टीत. त्यांनी कॉफीवरची धुळीची साय बोटाने बाजूला केली, उरलेली कॉफी प्यायली आणि म्हणाले की यंत्र बाहेर टाकतं छान, आता त्याला आत घ्यायला शिकवा. त्यांची वेष्टी मी धुवायला मागितली, तर त्यांनी हात जोडले. बहुधा माझ्या धुण्यावर त्यांचा भरवसा उरला नसावा.

एवढं झाल्यावर मी तक्ता केला. दोन उभे रकाने, सतरा कलमं: ओढ, आवाज, वजन, गाळणी, जागा, वगैरे. दोघांना बरोबर सारखे गुण पडले. तक्ता फ्रिजवर लावून मी दोन दिवस त्याच्याकडे पाहत होतो. तिसऱ्या दिवशी वाणीने विचारलं की हे काय. मी माझ्या तमिळमध्ये समजावून सांगितलं. (माझ्या तमिळला वाणी नावं ठेवत नाही, फक्त ऐकताना डोळे मिटते.) सगळं ऐकून तिने एकच प्रश्न केला, "यारु कोट्टरदु, सार?" म्हणजे, ओतायचं कुणी?

अक्का, सतरा कलमांत हे कलम नव्हतं. एकतीस वर्षांच्या तपासणीत मला जे सुचलं नाही ते शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईला एका दमात सुचलं. तिचं म्हणणं असं की डबेवाल्यात धूळ जमिनीवरून निघते आणि ओतणाऱ्याच्या छातीत जाते. ओतणारी ती असणार, आणि शेजारच्या खोलीत अक्का असणार. पिशवीवाल्यात तोंड बंद करून टाकलं की काम संपलं. पण सारच्या हाती पिशवी लागली की सार ती उघडणार, म्हणून पिशव्या तिच्या ताब्यात राहतील. मी तक्ता तिच्यासमोर फाडला. पिशवीवाला घेतला, आणि पिशव्यांचं पाकीट तिने रव्याच्या डब्यामागे ठेवलं आहे, जिथे माझा हात पोचत नाही. पहिल्याच दिवशी तिने यंत्राला हद्द आखून दिली: उंबऱ्यापर्यंत यायचं, पलीकडे तिची रांगोळी आहे. या बाईबद्दल मला किती आदर वाटतो ते तिला सांगायला माझं तमिळ पुरत नाही, म्हणून तुला लिहितो.

घर आता खरोखर स्वच्छ आहे. कपाटावर बोट फिरवून पाहायला तरी ये. मंदारने पंधरा तारखेचं खालच्या बर्थचं तिकीट काढून ठेवलं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
मधुसूदन

ता. क. मागच्या फोनवर मी पिशवीचा विषय काढला, तर तू जुन्या लुगड्याच्या सहा पिशव्या शिवल्यास असं तुझ्या सुनेने, नीलमने, कळवलं. वाणीला हे सांगितलेलं नाही. येताना आण, मी त्यांत तूरडाळ भरीन.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली कसली, लिहिली नाही. तीन खोल्यांचं घर, यंत्राने वीस मिनिटांत होतं. मी ते तासभर चालू ठेवतो. परवा वाणी लवकर आली, तर यंत्र जागच्या जागी घोंघावत होतं आणि मी खुर्चीत बसलो होतो. तिने बटण बंद केलं, कॉफी केली, आपलीही घेऊन समोर बसली आणि म्हणाली की अक्कांना धुळीबद्दल लिहू नका, खरं काय ते लिहा. खरं ते असं की घरात काही आवाज नसतो आणि मला करमत नाही. तू ये. खोकला आला तरी ये.