घाटावर बोलायचे दोन शब्द

काका, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो माईकवाला अजून मेलेला नाही. आधी हेच सांगतो, कारण तुम्हीही आधी हेच विचारलं असतं. खांद्याला पट्ट्याने लटकवलेला भोंग्याचा डबा घेऊन तो आजही वैनगंगेच्या घाटावर सगळ्यांच्या आधी हजर असतो. चितेला अग्नी दिला, लोक सिमेंटच्या बाकांवर टेकले, की हा आपल्या हिंदीत सुरू होतो. मृदुभाषी, मिलनसार, धर्मपरायण, अपूरणीय क्षति. सख्ख्या भावाचं डोकं फोडलेला माणूसही मृदुभाषी. परवा तर मयताचं नावच चुकला, आणि मुलाने हात जोडून तेही चालवून घेतलं. असलं हे गाव.

तुम्ही माझ्याकडे आलात ते त्याच्याच धास्तीने. माझ्या मराठीच्या शिकवणीला तेव्हा गोंदिया-नागपूरकडे लग्न ठरलेल्या मुली यायच्या. सासूपुढे चार वाक्यं धड बोलता यावीत, एवढीच त्यांची भूक. त्यांच्यात तुम्ही येऊन बसलात, सत्तरी ओलांडलेले, तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत उभं आयुष्य काढलेले, तळहातावर तंबाखू मळत. काकूंचं हृदय कमजोर झालं होतं आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. "सर, मले भाषण शिकाचं हाय," तुम्ही म्हणालात. "ती गेली का तो माईकवाला हिंदीत सुरू होईन. तिले जलमभर हिंदी नाही आली. त्या दिवशी तरी तिच्या बोलीत कोनी बोलावं." घरी तुम्ही मराठीच बोलायचात, पण चार माणसं समोर आली की तुमची जीभ हिंदीकडे वळायची. मध्य प्रदेशातल्या या आपल्या बालाघाटात हा रोग बहुतेकांना आहे.

मी तेव्हा पदवीच्या तोऱ्यात होतो. सुंदर मजकूर लिहून दिला तुम्हाला, त्यात सहधर्मचारिणी होती, संसाररथ होता. तुम्ही तो अडखळत वाचलात आणि कागद परत केलात. "हे कोन बाई हाय, सर? माह्या घरी तं नाही राहत." वर त्या काळ्या दातांनी हसलात. मला इतका राग आला की म्हटलं, मग तुमचं तुम्हीच सांगा. आणि तुम्ही सांगायला लागलात. काकूंनी बँकेतल्या साहेबाशी मराठीत भांडून त्यालाच कसं पाणी आणायला लावलं, ते सांगितलंत. खाणीतून आल्यावर तुमच्या पाठीवरची काळी भुकटी त्या नारळाच्या शेंडीने कशी घासायच्या, तेही. एका गुरुवारी म्हणालात, "पोरगी तापानं गेली, तवा मी ड्युटीवर गेलतो. ही एकली होती. पन त्याच्यावरून मले कधी टोचून नाही बोलली." मुली वह्या मिटून ऐकत होत्या. मला शिकवायला काही उरलं नाही. पण तुम्ही येत राहिलात आणि मी तुमची वाट बघू लागलो.

आणि एवढी तयारी करून मेलात तुम्हीच, एका सकाळी दाढी करता करता. काकू राहिल्या. घाटावर माईकवाल्याने तुम्हालाही मृदुभाषी केलं, कुत्र्याला आणि ठेकेदाराला एकाच शिवीने हाक मारणाऱ्या तुम्हाला. मला ते सहन झालं नाही. मी उठून त्याचा डबा बाजूला केला, आणि उभा राहिल्यावर कळलं की तुमच्याविषयी मला काहीच ठाऊक नाही. तुम्ही कायम काकूंविषयीच बोलला होता. मग जे होतं तेच बोललो. तुमच्या चितेसमोर तुमच्या जिवंत बायकोचं कौतुक केलं, मराठीत, पोरीच्या तापासकट. लोक एकमेकांकडे बघत राहिले. माईकवाला शेजारच्याला विचारत होता की नक्की गेलं कोण.

घाटावर आमच्याकडे बायका येत नाहीत, पण बातमी घरी पोचलीच. तिसरा दिवस झाल्यावर काकूंनी बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. काय बोललात, विचारलं. मी सगळं सांगितलं. लाखोळीची भाजी निवडणारे त्यांचे हात थांबले.

"एवढं मनात होतं, तं घरी काहून नाही बोलले?"

काका, सांगा ना, काहून? माईकवाल्याला आपण दोघांनी पोटभर शिव्या घातल्या. पण त्या माणसाला कोणाविषयी काही वाटतच नाही, तो भाड्याचे शब्द वाजवतो आणि घरी जाऊन जेवतो. तुम्हाला वाटत होतं. तुम्ही ते चुलीपाशी दोन पावलांवर बसलेल्या बाईला न सांगता माझ्या शिकवणीत येऊन घोकत होता, तिच्या सरणासाठी राखून. असला कंजूस विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. भित्रे होता तुम्ही, आणि मला फार आवडत होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून कबूल करतो. मी काकूंना म्हणालो, "दिवाळीला सांगणार होते ते. म्हणूनच तर शिकत होते." तुम्ही असं एकदाही म्हणाला नव्हता. डॉक्टरांना खोटं पाडून काकू अजून आहेत. गल्लीत कोणाची नवी सून आली की तिला जवळ बसवून सांगतात, "यायनं दिवाळीले सगळं बोलाचं ठरवलं होतं, इचारा सरायले." मग त्या माझ्याकडे बघतात, आणि मी हो म्हणतो.