निळी पेन्सिल कोणाची?

चेरीताल, जबलपूर
६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही स्वतःच रचता, असं आई म्हणते. म्हणून तुमच्या नियमाप्रमाणे सगळं कागदावर पाठवते आहे. सोबत माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आहे, अकरा पानं.

शैलेंद्र सरांनी ते परत केलं. प्रत्येक ‘इफ’भोवती गोल काढला आहे आणि खाली लिहिलं आहे की तू शेतात काय पाहिलंस आणि काय नुसतं कल्पलंस, ते यातून कळत नाही. मी विचारलं, सर, दुरुस्त कसं करू? ते म्हणाले, हे मी सांगितलं तर प्रबंध माझा होईल.

मामा, मी मटाराची माणूस आहे. कोणत्या आठवड्यात पेरला तर किती शेंगा भरतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण ‘जर-तर’ इंग्रजीत लिहायला बसले की विल, वुड आणि वुड हॅव हे तिघं सारखेच दिसतात. मग ज्याची पाळी बऱ्याच वेळात आली नाही त्याला घेते. हसू नका.

वाढवून मिळालेली मुदत वीस डिसेंबरला संपते. आता आणखी मिळणार नाही, असं ऑफिसात दोनदा विचारून आले. प्रकरण तोवर मंजूर झालं नाही, तर चार वर्षं गेली. आईला हे अजून सांगितलं नाही, तुम्हीही लिहू नका. ती सध्या माझ्या वाफ्यांतला, गेल्या हिवाळ्यात गोठवून ठेवलेला मटार पोह्यात, खिचडीत आणि पराठ्यात घालून राहिली आहे. आता चहा तेवढा उरला आहे.

मामीला नमस्कार. तुमची लाल पेन्सिल निर्दयपणे चालू द्या.

तुमची भाची,
अवंतिका


नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. अवंतिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकरण तपासून परत पाठवत आहे. निवृत्तीनंतर इतकी लाल पेन्सिल एका बैठकीत झिजवली नव्हती. आनंद झाला, हे तुला सांगायला नको होतं.

पहिली गोष्ट, ‘इफ’च्या घरात ‘विल’ला प्रवेश नाही. तू त्याला सोळा ठिकाणी आत घेतलं आहेस. त्याने शेजारच्या वाक्यात राहावं. जबलपुरातल्या घमापुरच्या घरी मी तुझ्या आईला हे शिकवलं होतं. तिने तेव्हाही लक्ष दिलं नाही, आणि ते तुझ्यात उतरलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संशोधकाने चपला बाहेर काढून आत यावं. असं केलं तर असं होतं, असं छातीठोकपणे सांगू नये. असं केलं तर असं व्हावं, असं नम्रपणे म्हणावं. म्हणून मी तुझ्या सगळ्या निष्कर्षांत ‘वुड’ घातला आहे. आता प्रकरण सभ्य वाटतं.

माझं बरं आहे. मागच्या आठवड्यात घराची किल्ली देवळात विसरलो आणि दोन तास ती स्वतःच्याच खिशात शोधत बसलो. म्हातारपणाची ही नवी करमणूक आहे.

तुझ्या मामीचा आशीर्वाद. पानं तिनेच मोजून पाकिटात घातली आहेत, तेव्हा अकराच्या अकरा असतील.

तुझ्या यशाची वाट पाहणारा,
श्यामसुंदरमामा


चेरीताल, जबलपूर
१९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. अकराच्या अकरा पानं आहेत. पण मामा, मी आधीपेक्षा जास्त गोंधळले आहे.

तुमचा लाल मला समजला. ‘विल’ सोळा घरांतून बाहेर काढला. पण मग हा निळा काय आहे? सातव्या पानापासून पुढे समासात निळ्या पेन्सिलीने, अगदी फिकट, दोन-दोन शब्द लिहिलेले आहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं तर शेंगा जास्त भरतात, या वाक्यात तुम्ही लाल ‘वुड’ घातला, आणि त्याच्याच बाजूला निळ्याने विचारलं आहे, ‘झालं ना?’ नोव्हेंबरात पेरलं तर दाणा बारीक राहतो, तिथेही लाल ‘वुड’ आणि बाजूला निळं ‘झालं ना?’ पुढे ऑक्टोबर आणखी दोन अंशांनी तापला तर पेरणी पंधरा दिवस पुढे न्यावी लागेल, असं माझं एक वाक्य आहे. तिथे मात्र निळ्याने लिहिलं आहे, ‘हे मनातलं.’

म्हणजे लाल मामा एक सांगतात आणि निळे मामा दुसरं. मी आधी सगळा लाल टाईप केला, मग निळा वाचून अर्धा काढला, मग भीती वाटली म्हणून परत घातला. काल नेपियर टाउनमधल्या प्रिंटवाल्या भैयाने विचारलं, दीदी, ये वही पन्ने हैं ना जो परसों निकाले थे? मी हो म्हणाले आणि परत छापून घेतले.

तुम्ही दोनदा वाचलं का? दुसऱ्यांदा मत बदललं असेल तर लाल खोडलं काहून नाही? आणि समासात तुम्ही मराठी कधीपासून लिहायला लागले? मला फक्त एवढं सांगा, कोणत्या मामांचं ऐकू?

एकतीस दिवस उरले आहेत. मामीला नमस्कार.

तुमची,
अवंतिका


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. अवंतिका हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्याकडे निळी पेन्सिल नाही. कधीच नव्हती. आणि विद्यार्थ्याच्या इंग्रजी कागदावर मी पस्तीस वर्षांत एक मराठी अक्षर लिहिलेलं नाही.

तरी तू म्हणतेस तर ते तिथे असणार. मी ते केव्हा लिहिलं, काय समजून लिहिलं, मला आठवत नाही. किल्लीचं मी तुला गमतीने लिहिलं होतं. आता ती गंमत राहिली नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आठ तारखेची. घरी सांगितलं की डोळ्यांसाठी जातो.

ते पान मला परत पाठवू नकोस. बघायची हिंमत नाही. आणि यापुढे मला काही तपासायला पाठवू नकोस. ज्या मास्तराला स्वतःचा शेरा ओळखता येत नाही, त्याच्या भरवशावर तू चार वर्षं टाकू नयेस. एखादा चांगला माणूस तिथेच शोध.

लाल पेन्सिल ठेवून दिली आहे. ती कुठे ठेवली हे वहीत लिहून ठेवलं आहे.

मामीचा आशीर्वाद.

तुझा,
मामा


नागपूर
२६ नोव्हेंबर २०२५

चि. अवंतिका,
अनेक आशीर्वाद.

माझं तुला हे पहिलंच पत्र. आजवर माझा आशीर्वाद तुझ्या मामांच्या पत्राच्या शेपटाला बांधून येत होता. अक्षराला हसू नको.

निळी पेन्सिल माझी आहे. ब्लाउजच्या कापडावर खुणा करायची.

आता तुला वाटेल, मामी काहून मध्ये पडली. तर ऐक. घमापुरला होतो तेव्हा परीक्षेचे गठ्ठे घरी यायचे. ते लाल पेन्सिलीने गुण द्यायचे आणि मी बेरीज करायची, निळ्याने. सगळ्याच मास्तरांच्या घरी बायका बेरीज करत. पण बेरीज करताना डोळे काही मिटून घेता येत नाहीत. पोरांनी लिहिलेलं वाचत गेले. मी छिंदवाड्याची मॅट्रिक, इंग्रजी मला त्या पेपरांनीच शिकवली. कधी वाटायचं की या पोराला कमी गुण पडले, तर त्या उत्तराशेजारी एक बारीक निळा ठिपका ठेवायची. हे परत बघायचे, थोडा वेळ विचार करायचे आणि दोन गुण वाढवायचे. त्यांना वाटायचं, ठिपका आपलाच. मी कधी बोलले नाही.

तुझी पानं मोजायला बसले आणि जुनी सवय हातात आली. तुझे मामा चांगले मास्तर आहेत, पण ते कवितेचे मास्तर. त्यांना नम्रता आवडते. तू दोन हिवाळे वाफ्यात वाकून शेंगा मोजल्यास, बोटं फुटली म्हणून मी तुला कोकमाचं तेल पाठवलं होतं. ते झालेलं आहे. दूध आचेवर ठेवून दुसरीकडे गेलं तर उतू जातं, हे रोज होतं, त्यात कसला संकोच? पण उद्या गॅस दुप्पट मोठा असता तर, हे मनातलं. दोन्हींना एकच भांडं लावून कसं चालेल? एवढंच मला म्हणायचं होतं. ठिपक्यांनी भागेना म्हणून शब्द लिहिले, आणि सगळा घोळ झाला.

आता हे डोळ्यांच्या नावाखाली डोक्याच्या डॉक्टरकडे चालले आहेत, हे मला कळतं. दिवसातून चार वेळा तारीख विचारतात आणि माझ्या आधी स्वतःच सांगतात. सांगावं तर वाटतं, पस्तीस वर्षं ही माझ्या पाठीमागे उभी राहून चुका काढत होती, असं त्यांच्या मनात बसलं तर? न सांगावं तर ते खरोखर आजारी पडून राहतील. मला काही सुचत नाही. टपाल तेच उघडतात, म्हणून उत्तर खालच्या मजल्यावरच्या यशश्रीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
विनतामामी


चेरीताल, जबलपूर
१ डिसेंबर २०२५

प्रिय मामीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग तुझं अक्षर बघत बसले. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर त्या दिवशीच ओळखलं असतं, आणि मामांना ते पत्र लिहिलं नसतं. चूक माझीही आहे.

तुझा ‘झालं ना?’ धरून मी सगळं नव्याने लिहिलं. जे मोजलं ते सरळ लिहिलं, जे मनातलं तिथेच मामांचा ‘वुड’ ठेवला. ‘विल’ सोळाही घरांतून बाहेरच आहे. शैलेंद्र सरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, अच्छा, म्हणजे एवढं तू पाहिलंस आणि एवढं तू म्हणतेस. आधी का नाही लिहिलंस? प्रकरण त्यांनी मंजूर केलं, आता मला फक्त शेवटची नजर टाकून छापायला द्यायचं आहे.

मामी, त्यांना सांग. आठ तारखेच्या आत. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ऐकणं त्यांना जास्त लागेल. सोबत सातवं पान परत पाठवते आहे, ते समोर ठेवलं तरी पुरे. नवं प्रकरणही आहे. ते दोघांनी बघायचं, चोरून नाही.

तुझी,
अवंतिका


नागपूर
९ डिसेंबर २०२५

चि. अवंतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी सकाळी चष्म्याच्या डबीखाली सातवं पान सापडलं. ‘झालं ना?’ यातला झ मी ओळखला. तो जुन्या वळणाचा झ या घरात एकच व्यक्ती काढते. किराण्याच्या यादीत, शेंगदाण्याच्या वर, झाडू लिहिताना.

दिवसभर मी ते पान घेऊन खिडकीशी बसलो. तुझ्या मामीला वाटलं रागावलो. मी रागावलो नव्हतो, मागचं मोजत होतो. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की मी घाईने निकाल न देणारा, दुसऱ्यांदा विचार करणारा माणूस आहे. विद्यार्थीही तसंच म्हणायचे. तो दुसरा विचार स्वयंपाकघरातून येत होता, हे आता कळलं. संध्याकाळी तिला विचारलं, असे ठिपके एकूण किती? ती म्हणाली, बेरीज मी तुमच्या गुणांची करत होते, माझ्या ठिपक्यांची नाही.

तुझ्या निष्कर्षांत ‘वुड’ घालून मी तुझी दोन वर्षं स्वप्नात जमा केली होती. चूक झाली. ‘विल’च्या बाबतीत मात्र मीच बरोबर होतो, हे तुझ्या आईला कळव.

डॉक्टरांकडे काल जाऊन आलो, या वेळी खरं कारण सांगून आणि दोघं मिळून. त्यांनी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी ते इंग्रजीत म्हटले. तूर्त चिंता नाही म्हणाले, सहा महिन्यांनी परत बोलावलं आहे. किल्ली मीच विसरलो होतो, हे कबूल.

नवं प्रकरण सोबत परत पाठवत आहे. या वेळी तिने टेबलाशी खुर्चीवर बसून तपासलं, दिव्याखाली, आणि माझी लाल पेन्सिल घेऊन. वहीत पाहून मीच ती शोधून दिली. तीन ठिकाणी खुणा आहेत, तिन्ही पटण्यासारख्या. वीस तारखेची वाट न पाहता छापायला दे. मला काही काम उरलं नव्हतं म्हणून मी निळी घेतली आणि बेरीज केली. संपूर्ण प्रकरणात ‘इफ’ सत्तावीस वेळा आला आहे आणि सत्तावीसही जागच्या जागी आहेत.

तुझ्या मामीचा आशीर्वाद आज मी लिहीत नाही. तो खाली तिच्या हातचा आहे.

तुझा,
श्यामसुंदरमामा

चि. अवंतिका, अनेक आशीर्वाद. सव्वीस आहेत. पान नऊवरचा त्यांनी दोनदा मोजला. – विनता