दोघींचं इंजन

लातूर,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय चतुरा,

डॉक्टरांनी मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू तू खिडकीतून शेजाऱ्यांच्या गोठ्यात फेकलास, हे शिल्पानं मला फोनवर सांगितलं. बिचारी रडकुंडीला आली होती आणि मला हसू आवरेना. डाव्या हाताचा नेम एवढा शाबूत आहे म्हणजे तुझी सासू अजून तीच आहे, असं मी तिला म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र हसू राहिलं नाही. दिवाळीच्या तोंडावर तुझ्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, वाचा परतली, उजवा हात तेवढा मागं राहिला. तोही येईल, पण रोज फिरवायला हवा, असं डॉक्टर म्हणतात. आणि तू तो मांडीवर घेऊन बसतेस, दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखा. आत्ता नाही फिरवला तर कायमचा जाईल, हे सांगून सांगून घरातले थकले. मी फोन केला की दोन शब्द बोलून तू तो शिल्पाकडं देतेस. म्हणून हे पत्र. पत्राला 'मग करते' म्हणता येत नाही.

तुला एक बातमी सांगायची आहे. मी इंजन केलंय. खरंखुरं, पेट्रोल पिणारं, धूर सोडणारं, पण पाटावर मावेल एवढं. सद्दामचे अब्बा गेल्यापासून मागच्या खोलीतलं लोखंड कातायचं लेथ पोत्याखाली झाकून पडलं होतं. तीस वर्षं आम्ही विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. तारेचे वेढे मी घालायचे, शाफ्ट आणि बुश ते बघायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून लेथ मलाही यायला लागलं होतं, पण हे त्यांना कधी कबूल केलं नाही, नाहीतर तेही काम माझ्याच गळ्यात पडलं असतं. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी पोतं काढलं, तेल घातलं आणि सुरू केलं. दुकान आता सद्दाम बघतो, माझे हात रिकामे, आणि रिकामे हात घेऊन टीव्हीपुढं बसणं मला जमत नाही.

डोळ्यापुढं तुमच्या नायगावच्या मळ्यातलं, विहिरीचं पाणी उपसणारं इंजन होतं. ते डिझेलचं, पण एवढ्या लहान अंगात डिझेल पेटवणं माझ्यानं झालं नाही, म्हणून पेट्रोल आणि ठिणगी. चाकं इथल्या फाउंड्रीतून ओतून आणली. सिलिंडर ओतीव लोखंडाच्या तुकड्यातून कोरला. पहिला पिस्टन करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो इतका सैल झाला की सिलिंडरात खडखड वाजायचा. दुसरा अडकला तो निघेचना. पिस्टनवर चढवायची रिंग तर बोटांत घेतली की काडीसारखी मोडायची. सद्दाम म्हणायचा, "अम्मी, बाजार में खिलौने मिलते ना." खेळणं आणि इंजन यातला फरक त्याला कसा सांगणार? त्यानं तुमचं इंजन पाहिलेलं नाही.

आपण पाहिलंय. माझे अब्बा नायगावच्या आसपासची सगळी इंजनं दुरुस्त करायचे आणि मला सायकलवर पुढं बसवून न्यायचे. तुमच्या विहिरीवर आले की माझा पाय निघायचा नाही, कारण तिथं तू होतीस. दांडगी, गुडघ्यापर्यंत चिखल, पोरांना मारून आलेली. तुझे वडील, शेषेराव काका, बाजाराला गेले की इंजन आपल्या ताब्यात. मोठी माणसं ते एकट्यानं चालू करत. आपण दोघी मिळून एक माणूस. तू हँडल मारायचीस, मी खटका वर धरायचे. खटका वर असला की सिलिंडरातली हवा निसटते आणि चाक हलकं फिरतं. चाकानं वेग घेतला की खटका सोडायचा, मग हवा आत कोंडते आणि इंजन पेटतं. लवकर सोडला तर चाक थांबतं, हँडल उलटं मारतं. उशिरा सोडला तर फिरवणारीचा जीव जातो. तू घामाघूम होऊन ओरडायचीस, "अगं सोड की आता, हात तुटून राहिला माजा!" आणि मी म्हणायचे, "आनखी थोडं, चतुरा, आनखी थोडं." तुझ्या तोंडच्या शिव्या मी इथं लिहीत नाही, हे पत्र तुझी नात ऋतुजा वाचून दाखवणार असेल. मग एकदम फट्, मग फट् फट्, आणि धुराड्यातून काळा गोळा वर. कुठल्याही सणाला मला तेवढा आनंद झालेला आठवत नाही.

आणि थंडीतलं ते गरम पाणी! इंजन थंड ठेवायला त्याच्या अंगातून फिरवलेलं पाणी बाजूच्या बारीक नळीतून बाहेर पडायचं, वाफाळतं. त्याच्याखाली डोकं धरून आपण केस धुवायचो. डिझेलचा वास दोन दिवस जायचा नाही. माझी अम्मी म्हणायची, तुला कोण करून घेणार, पोरीच्या डोक्याला मिस्तरीचा वास. तुझी आई काही म्हणायची नाही, ती स्वतःच कधीमधी तिथं केस धुऊन जायची. आता या वयात सांगते, पार्लरच्या गरम पाण्यानंही डोकं धुऊन बघितलं, आमच्या सूनबाई जिक्रानं जबरदस्तीनं नेलं होतं. त्यात मजा नाही.

मग तू धर्माबादला गेलीस, मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या घरात. मी लातूरला आले. विहिरीवर वीज आली, पाण्यात सोडायची मोटार आली, आणि तुमचं इंजन भंगारात गेलं. ज्या मोटारींनी ते घालवलं, त्याच जळाल्या की आमची चूल पेटायची. मी कुणावर रागावणार? पण एखादी मोटार भरताना तुझी आठवण यायची आणि वेढ्यांची मोजणी चुकायची. आपण भेटलो ते लग्नात, मयतीला, तुझ्या दयानंदच्या बारशाला. निवांत असं कधीच नाही. पुढं बघू, म्हणत राहिलो. तुझी खबर आली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, पुढं काही उरलंय की नाही. फार भ्याले मी, चतुरा.

आता खरं ऐक. हे इंजन दिवाळीच्या आधीच चालू झालं होतं. लहान इंजनाला खटका लागतच नाही, दोरी गुंडाळून ओढली की पेटतं. पहिल्याच ओढीत पेटलं. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी क्लासची पोरं काय फुटलं म्हणून खाली धावत आली आणि मोबाईलवर त्याचे फोटो काढत बसली. आठवडाभर ते चाललं. मग तुझी खबर आली, आणि मी ते खोललं. सद्दाम डोक्याला हात लावून म्हणाला, "अम्मी, चलता इंजन कायकू बिगाडे?" दोरीची खाच भरून टाकली आणि हँडल बसवलं. त्याची मूठ जाड केली आणि वर पट्टा लावला, बोटं सुटू नयेत म्हणून. तुमच्या इंजनाला होता तसा खटका केला आणि त्याला लांब सळई जोडून टोक पार पलीकडं नेलं, हँडल धरणारीचा दुसरा हात तिथवर पोचू नये म्हणून. पेट्रोलची टाकी अशी आडवी बसवली की डाव्या हातानं फिरवायला गेलं की कोपर आपटतं. चाकं जड केली. खटका वर असेपर्यंत ती कमजोर हातालाही फिरतात, पण वेग घेतल्याशिवाय इंजन पेटत नाही, आणि तो वेग तुझ्या हातात यायला महिना तरी जाईल. येत्या रविवारी ते घेऊन मी धर्माबादला येतेय. शिल्पाला सांगितलंय, दयानंदलाही. तुला कुणी विचारलेलं नाही. सोबत माझी कपड्यांची पेटी आहे. इंजन पेटेपर्यंत मी तुझ्या घरून हलणार नाही. तुला राग आला तर हँडल फिरवताना काढ. आणि रमजान लागेपर्यंतही नाही पेटलं, तर रोजे तुझ्याच घरी धरीन. पहाटेच्या अंधारात सहेरीच्या जेवणाला माझ्याबरोबर तुलाही उठावं लागेल.

खटका धरून उभी,
तुझीच
अख्तरी