कॅमेऱ्याला कंठ फुटला

प्रिय मेहुणेबुवा यांस,

तुमच्या थोरल्या भगिनीच्या यजमानांचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आम्ही उभयता खुशाल आहोत, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. प्रत्यक्षात तुमच्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, माझा उजवा हात खांद्यापर्यंत बधिर आहे, आणि त्या बधिरपणास मी स्वतःच कारण आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

आमच्या कन्येने (जी तुमच्याच गावी राहते आणि मामाला धाकात ठेवते) आपला जुना, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा आम्हांस पाठविला. त्यात छोट्या नातीचे चालतेबोलते चित्र होते. परंतु या यंत्रास ऐकण्यापुरता कान दिलेला आहे, बोलण्यास तोंड नाही; बटण दाबल्यावर 'टूं' करणारी एक पिपाणी तेवढी आहे. आवाज हवा तर ते संगणकास जोडावे लागते. तुमच्या बहिणीस चित्र दिसेना आणि आवाज येईना. म्हणजे तिच्या वाट्यास नातीऐवजी साबणाच्या वडीएवढा डबा आला. त्यात तिने हट्ट धरला की, नातीचा आवाज ऐकेन, मगच डोळ्यांच्या शस्त्रक्रियेस जाईन.

ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात न्या, तो लगेच ऐकवील." मी म्हणालो, "ज्याने हयातभर रेडिओ दुरुस्त केले, त्याने परक्याच्या दुकानात उभे राहून नात ऐकावी?" त्यावर ती म्हणाली, "हयातभर दुरुस्त केलेत, पण घरातला कधी बोलला नाही." (हे विधान अतिशयोक्त आहे. तो सकाळी बोलत असे.)

मी कॅमेरा उघडला. आत प्रकाशझोताच्या दिव्यापाशी एक नळकांडे असते. बॅटरी काढली तरी ते वीज पोटात धरून बसते. हे मला ठाऊक असावयास हवे होते. आता आहे. मी स्टुलासह मागे गेलो आणि माझी कवळी पुढे गेली. आतून तुमच्या बहिणीने विचारले, "बोलला का हो?" मी म्हणालो, "अद्याप नाही." "मग ओरडलं कोण?"

तथापि मी माघार घेतली नाही. पिपाणी काढली, तिच्या जागी दोन तारांना डाख दिला आणि त्या जुन्या रेडिओच्या पोटात सोडल्या. चाचणीसाठी स्वतःचा आवाज भरून पाहिला. प्रथम बेडूक बोलला, मग फुटका भोंगा आणि अखेरीस मी. आनंदाच्या भरात मी इतके भाषण केले की कॅमेऱ्यातली जागा संपली. पडद्यावर इंग्रजीत काही विचारणा झाली. माझे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी. परंतु कोणी इतक्या अदबीने विचारल्यावर नकार देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी होकाराचे बटण दाबले. माझी भाषणे गेली याचे दुःख नाही. नातही गेली.

पुढे जे केले ते या वयास शोभणारे नाही. दाराला आतून कडी घातली, नाक चिमटीत धरले आणि "आजी, लवकर बली हो, मी येते हं" असे कॅमेऱ्यात भरून ठेवले. संध्याकाळी रीतसर ऐकविले. तुमच्या बहिणीने पुन्हा लावायला सांगितले, मग पुन्हा. शेवटी म्हणाली, "पोरीला सर्दी झालीय वाटतं," आणि शस्त्रक्रियेस रुकार दिला. येत्या सोमवारी जावयाचे आहे. मुलांस आशीर्वाद, वहिनींस नमस्कार.

आपला,
तुमच्या बहिणीचे यजमान

ता. क. : खरे काम असे की, सोमवारपूर्वी कन्येच्या घरी जाऊन तिच्या नव्या कॅमेऱ्यात नातीकडून तेच वाक्य वदवून घ्यावे व त्यातले कार्ड तातडीने पाठवावे. कन्येस कारण सांगू नये. तुमच्या बहिणीस तर मुळीच कळता कामा नये.

ता. क. दुसरा : लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारण्याची माझी शाळेतली सवय अद्याप गेलेली नाही, हे वरील मजकूर संपल्यावर ध्यानात आले. आतून हाक आली, "नातीचं नवं येऊ द्या, पण तुमचं ते पुसू नका." मी ओशाळून कारण विचारले. म्हणाली, "संसार सरत आला, 'लवकर बरी हो' असं आज पहिल्यांदा म्हणालात. त्यासाठीसुद्धा नाक धरून नात व्हावं लागलं तुम्हांला."