खसखशीचं पहिलं पाणी

आई,

या दिवाळीतही मी तुझे अनारसे केले. तुझे म्हणतो, कारण घरात त्यांना तेच नाव आहे. हात माझे असतात. तू गेल्यावर दोन-तीन दिवाळ्या त्यांच्याशिवायच गेल्या. तुझ्या सुनेने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "अनारसे तेलात हसतात आणि मग सगळे मला हसतात, मला नको ते लचांड." मग मीच बसलो. शिकवायला कोणी नव्हतं. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून थोडे ओलसर असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं, एवढं गावी एडवणच्या चुलीपुढे तुझ्या शेजारी बसून पाहिलेलं आठवत होतं. बाकीचं नासवून नासवून शिकलो. पोटापाण्याचं कामही मी असंच शिकलो, तुला ठाऊक आहे. नववीत शाळा सुटली, बोईसरला एका कंपनीत झाडू मारायला लागलो आणि तिथली भंगारात टाकलेली प्रेशर गेजं घरी आणून उघडत बसायचो. तू म्हणायचीस, "लोकांची घड्याळं कशाला फोडतोस रं मेल्या?" ती घड्याळं नव्हती आई. बॉयलरमध्ये किती दाब आहे ते काट्याने दाखवणारी तबकडी असते ती. आज तारापूरच्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्या आपली गेजं माझ्या दुकानात पाठवतात. खात्रीची वजनं ठेवून मी त्यांना नेमका दाब देतो आणि काटा बरोबर बोलतोय की खोटं, ते पाहतो. बऱ्याचदा खोटंच बोलत असतो. त्यावरच तर माझं घर चालतं.

तुझ्या रीतीतली एक गोष्ट मात्र मी गाळली होती. तू खसखस धुवायचीस. पातेल्यात घेऊन वरून पाणी ओतायचं, हाताने घोळायचं, गढूळ पाणी काढायचं, पुन्हा ओतायचं, स्वच्छ येईपर्यंत. मग फडक्यावर पसरून पडवीत वाळत घालायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मला राखणीला बसवायचीस. ते पहिलं पाणी तू अंगणात ओतत नव्हतीस. पार वाडीच्या टोकाला, कुंपणापलीकडे टाकून यायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "कोंबड्या पितात न् दिवसभर पेंगतात." मी पोट धरून हसलो होतो. कोंबडीला नशा चढते म्हणून आजूबाजूच्या पोरांना सांगत सुटलो. तू रागावली नाहीस. पाटावर खसखस पसरत एवढंच म्हणालीस, "हस तू. तुला सगळं ठावं हाय."

पुढे मी स्वतः करायला लागलो तेव्हा ठरवलं, धुण्याचा खटाटोप कशाला. तुझ्या वेळी वाण्याकडच्या खसखशीत रेती असायची. आता बंद पाकिटात निवडलेली येते. धुतली की दाणे गोळा होतात, वाळवायला जागा लागते, आणि फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरं. मला माझ्या या सुधारणेचं कौतुकही होतं. तुझी सून म्हणाली होती, "अहो, आई धुवायच्या ना?" मी म्हणालो, "आईला कारण माहीत नव्हतं, सवय होती." आणि खसखशीचा थर मात्र तुझ्याहून जाड देत गेलो, कारण आपल्या धाकटीच्या मुलाला, माझ्या भाच्याला, तसाच आवडतो.

तू गेलीस तेव्हा हा तुझा नातू रांगत होता. धाकटीचा नवरा गेल्यावर त्याचं शिक्षण मीच पाहिलं, असं मी लोकांना सांगतो. त्याने स्वतः काय काय केलं ते सांगत नाही. त्याला जहाजावर जायचं होतं. त्याचा कोर्स त्याने पुरा केला, आणि बोलावणं येईपर्यंत आमच्याकडे बोईसरला राहून एका कंपनीत रात्रपाळीला पॅकिंगचं काम धरलं. माझा संशय तेव्हापासूनचा. सकाळी यायचा तो डोळे लाल. दुपारभर झोप. जेवताना घास हातातच राहायचा. स्टेशनच्या मागे बसणाऱ्या काही पोरांशी त्याला बोलताना मी दोनदा पाहिलं होतं. मी बारकाईने पाहणारा माणूस. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला वाटायचं. एकदा तो आंघोळीला गेल्यावर त्याची बॅग उघडली तर डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. विचारलं तर म्हणाला, "पॅकिंगला पावडर उडते मामा, डोळे चुरचुरतात." मी मनात म्हटलं, लाल डोळे लपवायला थेंब घालतोय.

मागच्या वर्षी भाऊबीजेला धाकटी आली होती. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि त्याला फोन आला, उद्या सकाळी मुंबईला मेडिकल, पास झालास की जहाज. धाकटी रडायलाच लागली, आनंदाने. मी अनारशांचा डबा भरून त्याच्या हातात दिला. "गोड तोंड करून जा," म्हणालो. हे मी केलं, आई. डबा मी भरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी न जाता थेट दुकानात आला. दोन माणसं बसली होती, एका कंपनीचे उत्तर प्रदेशातले फिटर, त्यांची गेजं माझ्या यंत्रावर होती. याचा चेहरा राखेसारखा. म्हणाला, "मामा, जरा बाहेर येता का?" मी म्हणालो, "गेजचा काटा लावलाय, हलता येणार नाही, इथेच बोल." त्याने फिटरांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "लघवीच्या तपासात अफूचा अंश आला. मला नाय घेत म्हणतात." मी काट्यावरची नजर काढली नाही. मला आश्चर्य वाटलं नाही, हेच मला आज जास्त लागतं. जणू माझाच हिशेब बरोबर आला होता.

"काय घेतलं होतंस?"

"काय नाय घेतलं मामा. आईशपथ. तिथला माणूस विचारत होता, खसखशीचं काय खाल्लं का. मग मला आठवलं, सकाळपासून रांगेत होतो, भूक लागली होती, तुमचा सगळा डबा संपवला मी."

मी हसलो. मोठ्याने हसलो. म्हणालो, "अनारशाने नशा चढते? मग दिवाळीत अख्खा पालघर जिल्हा आडवा पडायला हवा की रे!" फिटरांतला एक कान देऊन ऐकत होता. त्याने विचारलं, "क्या हुआ सेठ?" मीच सांगितलं. तो म्हणाला, "मिठाई से नशा? एक डिब्बा हमको भी दे दो, दारू का खर्चा बचेगा." दोघं हसले. मीही पुन्हा हसलो. तुझा नातू तिथेच उभा होता, हातात तोच डबा, रिकामा.

तो गेला नाही. फिटर गेल्यावर समोर बसला आणि नीट समजावून सांगायला लागला. पहिली तपासणी पट्टीवर होते, ती ढोबळ असते. नमुना ते थोडे दिवस राखून ठेवतात. मागणी केली तर मोठ्या लॅबमध्ये पाठवतात, तिथे खरं-खोटं बरंचसं उघडं पडतं. पण जहाजावर लावून देणारा एजंट त्याला उभंच करत नव्हता. घरातलं कोणी मोठं जबाबदार माणूस घेऊन ये, मग बघू, असं म्हणाला होता. "तुमी चला मामा. तुमाला मशीनचं कळतं. तुमी बोललात तर ऐकतील."

मी म्हणालो, "मशीनचं कळतं म्हणूनच येत नाही. मशीनला तुझ्याशी काय वैर?"

तेव्हा तो टेबलावरच्या गेजांच्या ढिगाकडे बघून म्हणाला, "मग ही सगळी इथे कशाला येतात?"

आई, खरं सांगतो, तोपर्यंत माझं मन थोडं हललं होतं. रस्त्याने चालत दोघं घरी गेलो असतो, चहा झाला असता, तर कदाचित सकाळी मी त्याच्याबरोबर निघालोही असतो. पण हे त्याचं वाक्य मला झोंबलं. ते माझंच होतं आणि बरोबर होतं, आणि काल मिशी फुटलेल्या पोराने ते माझ्याच दुकानात मला ऐकवलं होतं. मी म्हणालो, "नशा करून वर तोंड करून बोलतोस? खोट्यासाठी मी कोणाच्या दारात उभा राहत नाही. ऊठ." तो उठला. डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट लावून. घरी जाऊन मामीच्या पाया पडला, पिशवी घेतली आणि एडवणला धाकटीकडे गेला. धाकटीने दोन दिवसांनी फोन केला. एवढंच म्हणाली, "दादा, तू तरी." नमुना ठेवण्याचे दिवस निघून गेले. तो आता वापीला एका गोदामात काम करतो. या भाऊबीजेला धाकटी एकटी आली, ओवाळून जेवायच्या आत परतली.

मला कळलं ते असं. या दिवाळीनंतर एका कंपनीचा सेफ्टी ऑफिसर गेजं न्यायला आला होता. तरुण मुलगा, बोलायला गोड. मी डबा पुढे केला. त्याने अनारसा उचलला, उलटा केला, आणि टेबलाच्या कडेला धरून नखाने खसखस खरवडायला लागला. मला राग आला. म्हटलं, "अहो, त्यातच तर मजा आहे." तो म्हणाला, "मजाच नडते काका. आमच्याकडे कधीही टेस्ट घेतात. खसखशीने पट्टीवर अफू दाखवते. आम्हाला नोटीसच आहे, दिवाळीत जपून खा म्हणून." मी विचारलं, "एवढ्याशा दाण्यात?" त्याने खरवडलेली खसखस बोटावर घेऊन पाहिली. "सगळ्यात सारखं नसतं. दाण्यात फार नसतं, वरच चिकटलेलं असतं. धुऊन घेतली तर बरंचसं निघून जातं. ही धुतलेली दिसत नाही." आणि खरवडलेला अनारसा त्याने आवडीने खाल्ला. म्हणाला, "जाळी मस्त पडली आहे. घरी कोण करतं?"

मी म्हणालो, "आईचे आहेत."

तो गेल्यावर मी दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन उरलेलं खसखशीचं पाकीट पातेल्यात ओतलं आणि वर पाणी घातलं. हाताने घोळलं. पाणी मळकट पिवळं झालं, थोडा कडू वास आला. तुझी सून दारात येऊन उभी राहिली. "आता कशाला धुताय? अनारसे तर झाले." ते पाणी कुठे टाकावं तेही मला कळेना. इथे वाडीचं टोक नाही, कुंपण नाही. शेवटी मोरीत ओतलं आणि वरून बराच वेळ नळ सोडून ठेवला.

मग त्याला फोन केला. वर्षभरात पहिल्यांदा. त्याने उचलला आणि "बोला मामा" म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं. मी सगळं सांगितलं; खसखस, पट्टी, तो सेफ्टी ऑफिसर. पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मी तेच सांगत होतो." मी म्हणालो, "हो." मग विचारलं, आता पुन्हा अर्ज करता येईल का, मी येतो, कुठेही येतो. तो म्हणाला, "बघू मामा. त्या एजंटाकडे नाव खराब झालंय. दुसरीकडं विचारलंय." मग मला अवघड वाटू नये म्हणून तोच हसला. किती चांगला मुलगा आहे गं. म्हणाला, "आजीनं जहाज न बघताच बुडवलं ओ माझं. तिच्या त्या रीतीनं."

आणि मी, आई, मी त्याच्याबरोबर हसलो. म्हणालो, "जुन्या माणसांना काय कळणार, करत आले तसं करायचे." त्याला ते पटलं. फोन ठेवताना त्याचा आवाज मोकळा होता, आणि माझाही. नंतर ओट्यावर वाळत घातलेली खसखस पाहिली आणि जेवण गेलं नाही.

मी नशेबाज ठरवलं त्याला, आणि आता गुन्हेगार तुला केलं. दोन्ही वेळा हसत हसत. तू धुवायचीस. पहिलं पाणी कुंपणापलीकडे टाकायचीस. तुझ्या हातचे असते तर कदाचित तो आज समुद्रात असता. कदाचित म्हणतो, कारण काटा कुठे थांबला असता ते आता कोणालाच सांगता येणार नाही. तुझी रीत मी सुधारली होती, हे त्याला सांगायला फोन पुन्हा दोनदा हातात घेतला. एकदा त्याने उचललाही. मी विचारलं, थंडी पडली का तिकडे.

हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला कळतं. जायला हवं ते त्याच्याकडे. वापीचा पत्ता धाकटीने दिलाय, पाकीटही आणून ठेवलंय. त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.